फरशीला कसं कळतं, किती जोर लावायचा?

अकरावीतल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा. २० किलोची पेटी आडव्या फरशीवर आहे. पेटी आणि फरशी यांच्यातला स्थितिक घर्षण गुणांक ०.५. पेटीला आडवं ६० न्यूटन बलाने ढकललं, पेटी हलली नाही. तर घर्षण बल किती? त्याने म्यू (घर्षण गुणांक) गुणिले एन (फरशीचं लंब बल, इथे पेटीच्या वजनाइतकं) केलं, म्हणजे ०.५ गुणिले १९६, आणि ९८ न्यूटन लिहिलं. ते चूक ठरलं, बरोबर उत्तर ६०. त्याचं म्हणणं असं: "सूत्र तर मी पुस्तकातलंच वापरलं. आणि उत्तर ६० असेल तर फरशीला कसं कळतं की आज ६० लावायचे? उद्या मी ४० ने ढकललं तर ती ४० लावणार का? शिवाय वस्तू हलत नाही तेव्हा बलं एकमेकांना खोडतात, ते न्यूटनच्या तिसऱ्या नियमामुळेच ना?"

मी २६ वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आहे आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात असतो. बहुतेक मुलं तो विचारत नाहीत. "हलत नसेल तर लावलेलं बल हेच उत्तर" एवढं पाठ करतात आणि पुढे जातात. तू अडलास हे चांगलं झालं, कारण इथे जे कळायचं राहतं ते उतारावरच्या गणितात, दोरीच्या गणितात, शिडीच्या गणितात पुन्हा पुन्हा आडवं येतं.

आधी सरळ उत्तर. हो, उद्या तू ४० ने ढकललंस तर फरशी ४० च लावेल. १० ने ढकललंस तर १०. हात काढून घेतलास तर शून्य. तिसऱ्या नियमाचा मात्र या खोडण्याशी संबंध नाही. त्यावर पुढे येते, कारण तुझ्या प्रश्नातला तो तुकडा तुला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

तुझं ९८ खरं मानून बघू. पुढे ६०, मागे ९८. उरले ३८ न्यूटन, मागच्या दिशेने. २० किलोच्या पेटीला ३८ न्यूटन म्हणजे दर सेकंदाला सेकंदाला १.९ मीटर त्वरण. म्हणजे तू पेटी ढकलतोस आणि ती वेग घेत तुझ्याच अंगावर येते! त्याहून पुढे जा. तू खोलीत नाहीस, पेटीला कोणी हात लावलेला नाही, तरी सूत्र ९८ च म्हणतं, कारण त्यात तुझं ढकलणं कुठेच नाही. मग एकट्या ठेवलेल्या पेटीला ९८ न्यूटन कोणत्या दिशेने लागणार? उत्तरेला की दक्षिणेला? हा प्रश्न निघाला की ध्यानात येतं की ते सूत्र घर्षण किती *आहे* हे सांगतच नाही. घर्षण जास्तीत जास्त किती *होऊ शकतं*, एवढंच ते सांगतं. ९८ ही फरशीची ऐपत आहे. आज तिने किती खर्च केला ते वेगळं.

मग खर्च कुठून काढायचा? यासाठी मी वर्गात बलांचे दोन गट करून घेते. पहिल्या गटातली बलं स्वतःचा आकडा घेऊन येतात. वजन आहे: वस्तुमान दिलं की वस्तुमान गुणिले जी (गुरुत्वीय त्वरण, ९.८), संपलं. ते बाकी कुणाला विचारत नाही. स्प्रिंग आहे: किती ताणली ते सांगा, बल ठरलं. तू लावलेलं ६० न्यूटनही त्यातलंच, कारण ते गणितात दिलेलं आहे. दुसऱ्या गटातली बलं गरजेपुरती असतात. फरशीचं वरच्या दिशेचं लंब बल, दोरीतला ताण, स्थितिक घर्षण ही ती बलं. यांना स्वतःचा आकडा नाही. वस्तू स्थिर ठेवायला जेवढं लागेल तेवढं ती देतात आणि ऐपत संपली की हात टेकतात. फरशी खचते, दोरी तुटते, पेटी सरकते. म्हणून या गटातल्या बलाला आधी नुसतं अक्षर द्यायचं आणि "वस्तू स्थिर आहे" या माहितीतून त्याची किंमत काढायची. स्थिर असणं हे इथे उत्तर नसून गणितात दिलेली माहिती आहे, २० किलोइतकीच पक्की.

आता, फरशीला कसं कळतं? याला "निसर्गाचा नियम आहे" असं उत्तर मी कधी देत नाही, कारण त्याला दिसणारं कारण आहे. स्पंजच्या जाड तुकड्यावर वही ठेव, स्पंज थोडा दबतो. दोन वह्या ठेव, आणखी दबतो. जितका दबतो तितका वर रेटतो, आणि रेटा वहीच्या वजनाइतका झाला की दबणं थांबतं. आता दोन पुस्तकांवर आडवी फूटपट्टी ठेवून तिच्या मध्यावर खोडरबर ठेव. पट्टी वाकते, पण कमी. आता टेबल. टेबलही वाकतं, पण डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं. हे दाखवायला मी बाकावर छोटा आरसा ठेवते, त्यावर तिरका लेझरचा ठिपका टाकते आणि तो समोरच्या लांबच्या भिंतीवर पाडते. मग एका मुलाला आरशाजवळ बाकावर अंगठ्याने जोरात दाबायला सांगते. भिंतीवरचा ठिपका सरकतो. अंगठा उचलला की जागेवर येतो. सागवानी बाक अंगठ्याने वाकला हे पाहून दरवर्षी वर्ग गप्प होतो, आणि तेवढा एक मिनिट माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतो.

घर्षणाचंही तसंच. दोन दातघासण्याचे ब्रश घे, केस एकमेकांत रुतव आणि एक हलकेच आडवा ओढ. केस वाकतात, ब्रश सुटत नाहीत. थोडं जास्त ओढलं, केस थोडे जास्त वाकले, उलट रेटा वाढला. एका टोकाला ते सटकतात. पेटीचा तळ आणि फरशी यांच्यात जिथे जिथे बारीक उंचवटे एकमेकांना टेकलेले असतात तिथे अशीच ओढाताण चालते, फक्त फार लहान प्रमाणात. म्हणजे फरशीला काही कळावं लागत नाही. तू ढकललंस की पेटी केसाच्याही अंशाइतकी पुढे रेटली जाते, त्या रेटण्यातून उलट बल तयार होतं, आणि ते ६० झालं की तिथेच थांबतं. ९८ पर्यंत जायचं कारणच उरत नाही.

प्रयोगशाळेत ताणकाटा असेल तर लाकडी ठोकळ्याला लावून हळूहळू ओढून बघ. काटा १ न्यूटन, २ न्यूटन, ३ न्यूटन दाखवत जाईल आणि ठोकळा जागचा हलणार नाही. त्या प्रत्येक क्षणी घर्षण काट्यावरच्या आकड्याइतकंच आहे. एका क्षणी ठोकळा सुटतो आणि काटा पटकन थोडा खाली येतो. सुटण्यापूर्वीचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे म्यू गुणिले एन. तुझं सूत्र फक्त त्या एका क्षणाचं आहे.

आता तिसऱ्या नियमाचं. इथे घोळ होण्याचा दोष पुष्कळसा शब्दांचा आहे. फरशीच्या वरच्या दिशेच्या बलाला आपल्याकडे "लंब प्रतिक्रिया" किंवा इंग्रजी पुस्तकात "नॉर्मल रिअॅक्शन" म्हणतात, आणि तिसऱ्या नियमातही "क्रिया-प्रतिक्रिया" आहेच. शब्द एक, म्हणून मुलांना वाटतं की वजन ही क्रिया आणि फरशीचं बल ही तिची प्रतिक्रिया. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला इंग्रजीत आलेल्या मुलांची तर दोन्ही भाषांत फसगत होते. म्हणून मी "लंब बल" एवढंच म्हणते, प्रतिक्रिया हा शब्द तिथे आणतच नाही.

जोडी ओळखायची खूण अगदी साधी आहे. "अ ने ब वर" लावलेल्या बलाची जोडी म्हणजे "ब ने अ वर". नावं तीच, फक्त जागा बदललेल्या. पेटीचं वजन म्हणजे पृथ्वीने पेटीवर लावलेलं बल. त्याची जोडी: पेटीने पृथ्वीवर, वरच्या दिशेने, १९६ न्यूटन. फरशीचं लंब बल म्हणजे फरशीने पेटीवर. त्याची जोडी: पेटीने फरशीवर, खाली. जोडीतली दोन बलं कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, त्यामुळे ती एकमेकांना खोडूच शकत नाहीत. वजन आणि लंब बल दोन्ही पेटीवरच आहेत, म्हणून ती जोडी नव्हे. ती इथे सारखी आहेत ती पेटी स्थिर आहे म्हणून, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या नियमाने. पटत नसेल तर पेटी लिफ्टमध्ये ठेव आणि लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघू दे. आता लंब बल २० गुणिले १०.८, म्हणजे २१६ न्यूटन. वजन १९६ च. दोन्ही वेगळी झाली, पण तिसरा नियम जागच्या जागी आहे. पेटी लिफ्टच्या तळाला २१६ ने खाली दाबते, तळ पेटीला २१६ ने वर दाबतो.

याच ओघात "एन बरोबर एमजी", म्हणजे लंब बल नेहमी वजनाइतकंच, ही सवयही सोडून दे. ही सवय घर्षणाच्या सूत्रापेक्षा जास्त गुण खाते. माझं आवडतं उदाहरण डस्टरचं आहे, कारण ते प्रत्येक वर्गात हाताशी असतं. २०० ग्रॅमचा डस्टर उभ्या फळ्यावर तळहाताने आडवा दाबून धर. वजन १.९६ न्यूटन, खाली. फळ्याचं लंब बल कुठे आहे? आडवं, फळ्यापासून बाहेर. ते वजनाशी बांधलेलं नाही, तुझ्या दाबाशी आहे. तू १५ न्यूटनने दाबतोस तर ते १५. आणि वजनाला कोण पेलतं? घर्षण, वरच्या दिशेने. तळहाताचं घर्षण तूर्त सोडून देऊ, म्हणजे हाताऐवजी गुळगुळीत काचेच्या पट्टीने दाबलं असं समज. डस्टर-फळ्याचा गुणांक ०.४ धरला तर फळ्याची ऐपत ६ न्यूटन आहे, आणि खर्च १.९६.

आता मी वर्गाला विचारते: दाब दुप्पट केला, ३० न्यूटन, तर घर्षण किती? अर्ध्याहून जास्त वर्ग दुप्पट म्हणतो. उत्तर १.९६ च. डस्टरचं वजन वाढलेलं नाही, मग घर्षणाने जास्त का द्यावं? जास्त दिलं असतं तर डस्टर फळ्यावरून वर चढला असता. दाब वाढवून तू फक्त ऐपत ६ वरून १२ केलीस. उलट दाब कमी करत गेलास तर ऐपत उतरत येते आणि ४.९ न्यूटन दाबाला ती बरोबर १.९६ होते. त्याखाली डस्टर घसरतो. तुझ्या पेटीचंच हे गणित आहे, उभं केलेलं. जर तुला हे उदाहरण न बघता, फक्त आकृती काढून पुन्हा सोडवता आलं तर पेटीचं गणित पुन्हा चुकणार नाही.

पेटीवरही हेच करून बघता येतं. दोरी बांधून ६० न्यूटनने ३० अंश वर तिरकी ओढ. ताणाचा उभा भाग ३० न्यूटन, तेवढा भार फरशीवरून उचलला गेला, म्हणून लंब बल १६६. ऐपत ८३ वर आली. आडवा भाग सुमारे ५२, तेवढंच घर्षण. आता तेच ६० न्यूटन ३० अंश खाली तिरके ढकल. लंब बल २२६, ऐपत ११३, आणि घर्षण पुन्हा ५२. म्हणूनच जड सामान ढकलण्यापेक्षा किंचित वर ओढणं सोपं जातं.

यानंतरची पायरी उताराची. तिथे घर्षणाचा आकडाच काय, दिशाही आधी ठाऊक नसते. मार्केट यार्डात ट्रकला टेकवलेल्या फळीवरून माल वर चढवताना पाहिलं असशील. आपली २० किलोची पेटी ३० अंशाच्या फळीवर आहे, गुणांक तोच ०.५, आणि वरून कोणी दोरीने फळीला समांतर ओढून धरली आहे. वजनाचा उताराच्या दिशेचा भाग ९८ न्यूटन, फळीवर दाबणारा भाग सुमारे १७०, म्हणून ऐपत सुमारे ८५. दोरी नसती तर पेटी घसरली असती, कारण ९८ हे ८५ पेक्षा जास्त. दोरीत ६० न्यूटन ताण असेल तर उरलेले ३८ घर्षण देतं, वरच्या दिशेने. ताण ९८ केला तर घर्षण शून्य, फळी खरखरीत असूनही! ताण १२० केला तर पेटी वर सरकू पाहते, म्हणून घर्षण २२ न्यूटन, पण आता खालच्या दिशेने. सुमारे १३ पासून १८३ न्यूटनपर्यंत कोणताही ताण असो, पेटी तिथेच आणि तशीच. ओढणारा माणूस घाम पुसायला हात थोडा सैल सोडतो तरी पेटी का घसरत नाही, याचं कारण हा लांबरुंद पट्टा आहे.

"घर्षण नेहमी मागे" किंवा "घर्षण नेहमी उतारावर वरच्या बाजूला" असली वाक्यं म्हणून मी वहीतून खोडायला लावते. दिशा कळत नसेल तर बेधडक एक धर आणि समीकरण सोडव. उत्तर वजा आलं तर दिशा उलटी, बस. आकृती पुन्हा काढायचीही गरज नाही.

उतारावरचा तो ९८ चा भाग "साइन थीटा" म्हणून आपण पाठ करतो, पण तो पहिल्यांदा कसा सापडला ते ऐकण्यासारखं आहे. सिमॉन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ मध्ये, न्यूटनच्या नियमांच्या शंभर वर्षं आधी, तो असा काढला. एका बाजूला लांब उतार, दुसऱ्या बाजूला आखूड उतार असलेली पाचर घ्या आणि तिच्यावरून सारख्या मण्यांची बंद माळ टाका, खाली लोंबती. माळ आपोआप फिरेल का? फिरली तर मणी सरकून पुन्हा तीच मांडणी येईल आणि माळ कायम फिरत राहील, ते तर शक्य नाही. म्हणजे माळ स्थिर. खालचा लोंबता भाग दोन्हीकडे सारखा, तो काढून टाका. उरले दोन उतारांवरचे मणी, आणि ते एकमेकांना तोलून आहेत. लांब उतारावर मणी जास्त, तरी तोल सारखा. म्हणून उतार जितका लांब तितकी प्रत्येक मण्याची ओढ कमी. यात कोणतंही बलाचं सूत्र नाही. "हलत नाही" एवढ्या एका माहितीतून त्याने बल काढलं. तुझ्या ६० न्यूटनच्या मागे हाच विचार आहे.

दोरीचं एक उदाहरण देते आणि ते घरी बघता येईल असं. वाळवणाच्या दोरीची दोन टोकं ६ मीटरवर बांधली आहेत, मध्यावर ४ किलोची ओली चादर टाकली, सोपेपणासाठी सगळा भार एका जागी धरू, आणि दोरी मध्यावर ३० सेंटीमीटर झुकली. चादरीचं वजन ३९ न्यूटन. दोरीत ताण किती? "दोन बाजू आहेत, अर्धा अर्धा, म्हणून २०" हे उत्तर हमखास येतं. पण दोरी जवळजवळ आडवी आहे. तिच्या ताणाचा फार थोडा भाग वर जातो, सुमारे दहावा हिस्सा. तो भाग दोन्ही बाजू मिळून ३९ व्हायला हवा तर ताण जवळपास २०० न्यूटन हवा. २० किलोची आपली पेटी टांगल्याइतका! दोरी आणखी ताठ बांधली आणि झोळ १० सेंटीमीटरच पडू दिला तर ताण ५९० च्या घरात जातो. भिंतीतला हूक उपटतो तो चादरीच्या वजनाने नाही, दोरी हट्टाने सरळ ठेवल्याने. अगदी सरळ तर ती कधीच होणार नाही, कारण मग वर पेलणारा भागच उरत नाही. दहीहंडीची दोरी दोन इमारतींमध्ये कितीही ताणून बांधली तरी हंडीशी खाली झुकलेली असते ती याचमुळे.

आता यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं, नाहीतर तू फरशीवर प्रयोग करशील आणि आकडे जुळले नाहीत म्हणून निराश होशील. ०.५ हा गुणांक न्यूटनच्या नियमासारखा पक्का नाही. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं हा नियम फ्रान्समध्ये आमोंताँने १६९९ मध्ये प्रयोगांवरून मांडला, आणि कुलोमने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत दाखवलं की पृष्ठभाग एकमेकांवर किती वेळ टेकून राहिले यावरही सुटतानाचं घर्षण बदलतं. धूळ, ओल, पॉलिश, घसट या सगळ्यांनी आकडा हलतो. त्यामुळे प्रत्यक्षात ९८ च्या जागी ८० किंवा ११५ निघू शकतं. पण बघ, तुझ्या गणिताचं ६० हे उत्तर या कशानेच बदलत नाही. पेटी हलत नाही तोवर फरशी कोणती का असेना, ते ६० च राहणार.

दुसरी गोष्ट, कधी कधी समतोलाची समीकरणं पुरतच नाहीत. चार पायांच्या टेबलाच्या प्रत्येक पायाखाली किती बल, हे नुसत्या समतोलातून निघत नाही. अज्ञात चार आणि समीकरणं तीन: एक उभ्या बलाचं, दोन कलण्याची. एक पाय केसभर आखूड असेल तर त्याच्याखाली शून्य आणि बाकीच्यांवर सगळं, तरी टेबल स्थिरच. तिथे पाय आणि फरशी किती दबतात ते मोजावं लागतं. तिपाईला तीनच पाय, म्हणून तिचं उत्तर एकच निघतं आणि ती ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. अकरावीच्या परीक्षेत असं टेबल येणार नाही, पण आलंच तर प्रत्येक पायावर पाव भाग असं न तपासता लिहू नकोस.

आणि तिसरी, शब्दांकडे लक्ष दे. गणितात "नुकतीच सरकू लागते", "सरकण्याच्या बेतात आहे", "कमीत कमी किती बल लावल्यास हलेल" असं काही असेल तरच घर्षणाच्या जागी म्यू गुणिले एन लिहायचं. नुसतं "स्थिर आहे" असेल तर नाही.

बलं जुळली म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. तुझी पेटी ५० सेंटीमीटर रुंद आणि मीटरभर उंच आहे असं समज. ६० न्यूटन तू तळाशी लावतोस की वर, याने बलांची बेरीज बदलत नाही, पण पेटी कलते का हे ठरतं. वर ढकललंस की फरशीचं लंब बल पेटीच्या मध्याखालून पुढच्या कडेकडे सरकतं. ६० सेंटीमीटर उंचीवर ढकललंस तर ते मध्यापासून साधारण १८ सेंटीमीटर पुढे जातं, कड २५ वर आहे, ठीक. ९० सेंटीमीटरवर ढकललंस तर त्याला सुमारे २८ सेंटीमीटरवर जावं लागेल, आणि तिथे पेटीच नाही. पेटी उलटते, घर्षण पुरेसं असूनही. म्हणून कपाट सरकवताना घरची मोठी माणसं खालून हात लावायला सांगतात. हा भाग तुमच्या पुस्तकात पुढे, बलाच्या आघूर्णासोबत येईल.

आता तुझ्या गणिताकडे. आकृतीत पेटी एकटी काढ, फरशी नको, हात नको. स्वतःला विचार: पेटी कुठे कुठे टेकली आहे? फरशीला आणि तुझ्या हाताला. फरशीकडून दोन बाण, एक लंब, एक आडवा. हाताकडून एक. पृथ्वी न टेकता ओढते, तिचा एक. चार बाण, पाचवा नाही. "स्थिर राहण्याचं बल" नावाचा जादा बाण मुलं काढतात, तो काढू नकोस, प्रत्येक बाणाला "कोणी लावलं?" विचारायचं आणि उत्तर नसेल तर तो पुसायचा.

मग घर्षणाला नुसतं "घ" लिही. उभ्या दिशेत: एन वजा १९६ बरोबर शून्य, म्हणून एन १९६. आडव्या दिशेत: ६० वजा घ बरोबर शून्य, म्हणून घ ६०. आणि शेवटी, अगदी शेवटी, म्यू बाहेर काढ: ऐपत ९८, गरज ६०, म्हणून पेटी खरोखरच स्थिर राहते. ही शेवटची ओळ बहुतेक मुलं लिहीत नाहीत. माझ्याकडे उत्तरपत्रिका आली तर मी तिचा गुण वेगळा देते, कारण तिथेच कळतं की मुलाला सूत्राचा अर्थ समजला आहे.

ढकलणं ११० न्यूटन असेल तर हीच रीत घ बरोबर ११० देईल, आणि ते ९८ च्या पुढे आहे. म्हणजे पेटी स्थिर धरून आपण जे लिहिलं ते चालणार नाही. पेटी सरकेल, स्थितिक घर्षणाचा विषय तिथे संपेल आणि पुढचं त्वरण काढायला गतिक घर्षण गुणांक, म्हणजे सरकत्या पेटीचा गुणांक, लागेल. तो दिलेला नसेल तर त्वरणाचा आकडा काढायला जाऊ नकोस. "पेटी सरकू लागेल" एवढंच लिही आणि पेन खाली ठेव.